खलाशांचा वाटा

शिडांच्या जहाजांच्या काळी शत्रूचे जहाज हाती लागले, की ते मालासह विकले जाई. ते रीतसर पकडले आहे असा निर्णय न्यायालयाने दिला, म्हणजे आलेली रक्कम पकडणाऱ्यांत वाटली जात असे. इंग्लंडमध्ये १७०८ च्या कायद्याने ही सर्व रक्कम आरमारातील लोकांस मिळू लागली. परंतु ती सर्वांस सारखी मिळत नसे.

या रकमेचे आठ भाग करीत. त्यांपैकी तीन भाग कप्तानाचे असत. मात्र त्यांतील एक भाग नौसेनापतीस द्यावा लागे. मग तो लढाईच्या जागेपासून कित्येक कोस दूर का असेना! पुढचे तीन भाग निरनिराळ्या दर्जांच्या अधिकाऱ्यांस व हुद्देदारांस मिळत. उरलेले दोन भाग शिडे ओढणाऱ्या व तोफा डागणाऱ्या सर्व खलाशांत वाटले जात.

मे १७६२ मध्ये ‘ॲक्टिव्ह’ व ‘फेव्हरिट’ या दोन इंग्रजी जहाजांनी ‘हर्मायनी’ हे स्पॅनिश जहाज पकडले. ते दक्षिण अमेरिकेतून सोने-चांदी घेऊन स्पेनकडे परतत होते. युद्ध सुरू झाल्याची वार्ताही त्यावरील लोकांस नव्हती. या जहाजापासून सुमारे ५,१९,००० पौंड मिळाले. दोन्ही कप्तानांस प्रत्येकी सुमारे ६५,००० पौंड लाभले; साध्या खलाशास सुमारे ४८० पौंड. त्याच्या तीस वर्षांच्या वेतनाहून ही रक्कम मोठी होती. असे भाग्य क्वचितच उजाडे. तरीही कप्तानाचा वाटा त्याच्या १३० पटींहून अधिक होता.

जहाजाची जबाबदारी कप्तानावर असते, हे खरे. परंतु तोफेचा गोळा हुद्दा पाहून येत नाही. १७९७ मध्ये टेम्स नदीच्या मुखाशी नोर येथे खलाशांनी बंड केले, तेव्हा या रकमेची अधिक समान वाटणी व्हावी, ही त्यांची एक मागणी होती. बंड मोडले गेले व त्यांच्या पुढाऱ्यास फाशी झाली. पुढे १८०८ मध्ये नियम बदलले. कप्तानाचे तीन भाग होते, ते दोन झाले. खलाशी व लहान हुद्देदार यांना मिळून तीन भाग मिळत, ते चार झाले.

पहिल्या महायुद्धातील अशी रक्कम एकत्र करून सर्व आरमारात वाटण्यात आली आणि १९४८ मध्ये कायद्याने ही प्रथाच बंद केली. ज्या मागणीसाठी खलाशांस बंडखोर ठरविले गेले, तिच्यातील न्याय अशा रीतीने हळूहळू मान्य झाला.