पंढरीचें महाद्वार

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांनीं आषाढांत रस्त्यानें जाणारी दिंडी पाहिली असेल. कित्येकांच्या घरचीं वडील माणसें तींत चालतही असतील. आम्ही ख्रिस्ती, तरी ज्या क्षेत्राकडे महाराष्ट्रांतील इतके लोक पायीं जातात, तेथील कथा आपणांस ठाऊक नसणें बरें नव्हे, असें आम्हांस वाटतें.

पंढरपूर सोलापूर जिल्ह्यांत भीमेच्या कांठीं आहे. तेथें नदी चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. कथा अशी कीं, पुंडलीक आईबापांची सेवा करीत असतां देव दारीं आला. सेवा अर्धवट टाकून उठणें पुंडलिकास रुचेना. त्यानें जवळची वीट पुढें टाकिली व देवास थांबावयास सांगितलें. देव कमरेवर हात ठेवून विटेवर उभा राहिला, तो अद्याप उभाच आहे! मुलांनो, वडिलांनीं हांक मारली असतां ऐकूं न आल्यासें करणाऱ्यांनीं ही कथा दोनदां वाचावी. रुक्मिणीचें देऊळ मात्र निराळें आहे. ती रुसून दिंडीरवनांत आली व तिला शोधीत देव इकडे आला, असें सांगतात.

पूजेंतही देवास घरच्या माणसासारखें वागविण्याची रीत आहे. पहांटे काकडआरती, मग स्नान व पूजा, दुपारीं नैवेद्य, सायंकाळीं धुपारती, रात्रीं शेजारती. आषाढीच्या यात्रेंत मात्र देवाचा पलंग काढून ठेवितात. दर्शन रात्रंदिवस चालतें, मग देवानें निजावें केव्हां? उभ्या देवाच्या पाठीशीं लोड देतात. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजा करून त्याचा शीण घालवितात. येथें भक्त मूर्तीच्या पायांवर प्रत्यक्ष डोकें ठेवितो, हें या देवळाचें मोठें वैशिष्ट्य.

पण कोणता भक्त? महाद्वाराची पहिली पायरी नामदेवाची. संतांची पायधूळ लागावी म्हणून त्यानें ती जागा मागितली, अशी आख्यायिका आहे. तिच्यासमोर चोखामेळ्याची समाधि आहे. चोखोबा जातीनें महार. त्याला देवळांत मज्जाव होता. मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम चालू असतां भिंत कोसळून १३३८ सालीं त्याचा अंत झाला. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकूं आलें, त्या चोखोबाच्या म्हणून नामदेवानें ओळखिल्या व पंढरीस आणिल्या, असें सांगतात. त्याही आल्या त्या दारापर्यंतच.

पुढें सहाशें वर्षें लोटलीं. अस्पृश्य मानिलेल्या लोकांस मंदिर खुलें व्हावें म्हणून साने गुरुजींनीं १९४७ च्या मे महिन्यांत पंढरपुरांत उपोषण केलें, आणि तसें ठरल्यावरच तें सोडिलें. बडवे व उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें संपले. त्याच वर्षीं मंदिर समितीनें ब्राह्मणेतर व स्त्रिया यांसही पूजेच्या कामीं नेमिलें.

आजही अनेक वारकरी चंद्रभागेचें स्नान करून येतात, प्रथम चोखोबाच्या समाधीपुढें वांकतात, मग नामदेवाच्या पायरीस हात लावितात, आणि मग आंत जातात.