वाळवंट रात्री का गारठते?
राजस्थानातल्या चुरूमध्ये जून २०१९ मध्ये पारा ५० अंश सेल्सिअसच्या वर गेला होता. तिथेच डिसेंबर-जानेवारीच्या काही पहाटे तो शून्याखाली उतरतो. याचे खापर सहसा उत्तरेकडच्या गार वाऱ्यांवर फोडले जाते. थंडीची लाट ते आणतात, हे मान्य. पण मग आभाळ भरून आले की रात्रीचा पारा चढतो, तो का? खरी मेख कोरड्या, निरभ्र हवेत आहे. बाष्प तुटपुंजे, त्यामुळे जमिनीतून निघालेली उष्णता अडवायला वर फारसे काही नसते; शिवाय कोरड्या वाळूच्या कणांमधली हवा खोलवरची ऊब पृष्ठभागापर्यंत सहजी पोहोचू देत नाही. परिणामी पहाटे तुषार सिंचनाच्या नळ्यांवर बर्फाचा पापुद्रा धरतो, आणि दुपारी स्वेटर (तिथल्या उन्हाला हिवाळा ठाऊकच नसावा) अंगावर नकोसा होतो.