छाती आवळून येते तेव्हां

छत्रपति संभाजीनगरांतील कोणत्याहि सुखवस्तु घरांत घडूं शकेल असा हा प्रसंग आहे. पंचावन्न वर्षांचा एक गृहस्थ मित्राकडील दावतींत नान-खलियावर यथेच्छ ताव मारून घरीं परततो. रात्रीं एकच्या सुमारास त्याला जाग येते. छातीच्या मधोमध कोणीं पट्टा आवळावा तसें त्याला वाटतें. अंगाला गार घाम सुटलेला असतो. घर जागें होतें. कोणी ओवा व काळें मीठ पुढें करतें, कोणी सोड्याचें पाणी आणतें, कोणी छातीला तेल चोळतें. "वायु धरला आहे, ढेकर आला कीं मोकळें वाटेल," असा निर्वाळा वडीलधारीं माणसें देतात. रोग्यालाहि तो निर्वाळा हवाच असतो. दोन वाजतात, तीन वाजतात. या घरांत मायेची उणीव मुळींच नसते. चूक एवढीच होते कीं, तपासणी होण्यापूर्वींच दुखण्याला नांव देऊन टाकलें जातें.

छाती आवळणें हा स्वतः रोग नव्हे. तें एक लक्षण आहे. त्याच्या मुळाशीं हृदय, फुप्फुस, अन्ननलिका, बरगड्यांमधील स्नायु किंवा मनांतील भीति यांपैकीं कांहींहि असूं शकतें. मात्र कारण हृदयांत असेल आणि तें ओळखण्यास उशीर झाला, तर झालेली हानि पुढें भरून येत नाहीं. म्हणून पहिला विचार हृदयाचा करावा लागतो.

लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डेन यांनीं १७६८ सालीं तेथील वैद्यांच्या सभेपुढें या दुखण्याचें जें वर्णन केलें, तें आजहि जुनें झालेलें नाहीं. चालतांना, विशेषतः चढावर व जेवणानंतर, रोग्याच्या छातींत गुदमरल्यासारखें होतें आणि तो थांबला कीं तें नाहींसें होतें, असें त्यांनीं नमूद केलें. त्यांनीं योजिलेलें 'अंजायना' हें नांवहि गळा आवळण्याच्या अर्थाच्या शब्दावरून आलें आहे. या वर्णनाचा पडताळा शहराजवळच्या देवगिरीच्या चढावर येऊं शकतो. किल्ला चढतांना धाप सर्वांनाच लागते. पण ज्याची छाती थोड्या पायऱ्या चढतांच आवळते आणि चार मिनिटें बसल्यावर सैल होते, त्यानें ती वाढत्या वयाची खूण समजून सोडून देऊं नये.

असें होण्याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. हृदय हा एक स्नायु आहे. साऱ्या शरीराला रक्त पुरवितांना त्याला स्वतःलाहि रक्त लागतें, आणि तें त्याच्या पृष्ठभागावरील बारीक रोहिण्यांतून मिळतें. मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या प्रारंभीं या शहराला नहरीनें पाणी आणलें. तशा एखाद्या नहरीच्या नळांत गाळ सांचत गेला, तर रोजची गरज कशीबशी भागते, पण मागणी वाढतांच तुटवडा पडतो. रोहिणीच्या भिंतींत मेद सांचून ती अरुंद झाली कीं हृदयाची हीच गत होते. बसल्या जागीं निभावतें, चढावर निभावत नाहीं.

पुढची अवस्था याहून गंभीर असते. मेदाच्या थरावरील पापुद्रा फाटतो, तेथें रक्ताची गुठळी जमते आणि रक्ताची वाट बंद होते. हाच हृदयविकाराचा झटका. आतां विसाव्यानें आराम पडत नाहीं. रक्त न मिळालेला स्नायु सुमारें अर्ध्या तासानंतर मरूं लागतो आणि कांहीं तासांत तेवढा भाग कायमचा निकामी होतो. त्या जागीं केवळ व्रण उरतो.

मग हें दुखणें पोटाचें कां वाटतें? हृदय, अन्ननलिका आणि जठर यांच्याकडून येणाऱ्या संवेदना मज्जारज्जूंत जवळजवळच्याच ठिकाणीं शिरतात, आणि त्यांचें मूळ कोठें आहे हें मेंदूला नेमकें उमगत नाहीं. म्हणूनच हृदयाची कळ डाव्या हातांत, दोन्ही खांद्यांत, जबड्यांत, पाठींत किंवा पोटाच्या वरच्या भागींहि जाणवते. ढेकर आल्यावर बरें वाटलें, हाहि हृदय निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यांत तर कित्येकदां कळ नसतेच. दम लागणें, मळमळ, घाम आणि अकारण थकवा एवढेंच दिसतें. घरांतील गृहिणीचा असा थकवा कामाचा म्हणून सोडून दिला जातो, आणि बहुतेक वेळां ती स्वतःच तो सोडून देते.

इतर कारणांच्याहि कांहीं खुणा आहेत. बोट ठेवून दाखवितां येईल अशा एकाच जागीं दुखत असेल आणि दाबल्यानें वाढत असेल, तर तें बहुधा बरगडीचें किंवा स्नायूचें. जळजळ घशाकडे चढून तोंडाला आंबट पाणी येत असेल, तर तें बहुधा पित्ताचें. दम्यांत छाती आवळते आणि श्वास सोडतांना शीळ वाजते. भीतीच्या झटक्यांत धडधड होते, बोटांना मुंग्या येतात आणि मरणाची धास्ती वाटते. ती यातना खोटी नसते. परंतु या साऱ्यांत 'बहुधा' हा शब्द गृहीत आहे, आणि मध्यरात्रीं त्या शब्दाच्या भरंवशावर जीव टांगून ठेवणें शहाणपणाचें नाहीं.

तेव्हां छातीचें आवळणें कांहीं मिनिटांच्या विसाव्यानें थांबलें नाहीं, किंवा सोबत घाम, दम, मळमळ वा चक्कर असली, तर रोग्याला स्वस्थ बसवावें आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही विनामूल्य सेवा महाराष्ट्रांत २०१४ सालापासून आहे. रोग्याला स्वतः दुचाकी चालवीत जाऊं देऊं नये. शेजाऱ्याची जिभेखालची गोळी त्याला देऊं नये, कारण तिनें रक्तदाब एकाएकीं उतरूं शकतो. कोणतेंहि औषध डॉक्टर सांगतील तेंच द्यावें. शहरांत १९५६ सालीं स्थापन झालेलें आणि सारा मराठवाडा 'घाटी' म्हणून ओळखतो तें शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय आहे. इतर रुग्णालयेंहि आहेत. रोगी पोहोंचल्यापासून दहा मिनिटांच्या आंत हृदयाचा विद्युत्-आलेख, म्हणजे ईसीजी, निघावा असा वैद्यकाचा दंडक आहे. पहिला आलेख निर्दोष निघाला तरी लगेच उठून येऊं नये. स्नायूला इजा झाल्यास ट्रोपोनिन नांवाचें प्रथिन रक्तांत कांहीं तासांनीं वाढलेलें दिसतें, म्हणून डॉक्टर पुन्हा तपासणी करतात. गुठळी विरघळविणारें औषध असो कीं नळी घालून रोहिणी उघडण्याचा उपचार असो, तो जितका लवकर होईल तितका स्नायु वांचतो.

मुंबईचे ख्यातनाम हृदयशल्यविशारद डॉ. नीतू मांडके २००३ सालीं हृदयविकाराच्याच झटक्यानें गेले. ज्यानें असंख्य हृदयें दुरुस्त केलीं त्यालाहि या विकारानें वगळलें नाहीं; मग "मला कांहीं होणार नाहीं" या विश्वासाला आधार तो कोणता?

त्या गृहस्थाचें दुखणें कदाचित् पित्ताचेंच निघेल. तसें झालें तर घरच्यांनीं ओशाळण्याचें कारण नाहीं. सकाळीं तो घरीं परतेल, चहा मागेल, आणि "रात्रीं उगीच धांवाधांव केलीत" म्हणून सर्वांवर रागावेल. तो राग घरानें आनंदानें सोसावा.