कापसाच्या रानातून उठलेलं गाणं

पांढुर्णा-सौंसरच्या माणसाला कापूस समजावून सांगावा लागत नाही. पण याच पिकाने आपला मुलूख एकदा थेट अमेरिकेतल्या मिसिसिपीशी जोडला होता, हे फारसं सांगितलं जात नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, तेव्हा व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाड-नागपूरकडे वळली. हा कापूस वाहून नेणारी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला आली. अमेरिकेतल्या त्या युद्धाने तिकडची गुलामगिरी कायद्याने संपवली, पण सुटलेला काळा माणूस जमीनदाराच्याच रानात हिश्श्याने राबत राहिला. त्याच्या गळ्यातून जे गाणं उमटलं, ते ब्लूज.

त्या गाण्याचा मोठा गायक मडी वॉटर्स. मिसिसिपीतल्या स्टोव्हॉल मळ्यावर तो वाढला, कापूस वेचत गिटार शिकला. १९४१ मध्ये लोकगीतं गोळा करणारे अ‍ॅलन लोमॅक्स मळ्यावर आले आणि त्यांनी त्याचं गाणं मुद्रित केलं. आपलाच आवाज यंत्रातून ऐकल्यावर त्याला स्वतःचं मोल कळलं. १९४३ मध्ये रेल्वेने तो शिकागोला गेला. दिवसा मजुरी, रात्री गाणं. तिथल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्याने विजेवरची गिटार हाती घेतली आणि शेतातलं गाणं शहराचं झालं.

त्याच १९४३ मध्ये मुंबईत एका मराठी मजुराने पहिलं गाणं रचलं. त्याचं नाव वामन तबाजी कर्डक. सगळा महाराष्ट्र त्यांना वामनदादा म्हणतो. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत दलित कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शाळा नशिबी नव्हती. पोटासाठी मुंबई गाठली, मिळेल ते काम केलं. एकदा कुणीतरी पत्र वाचून द्यायला सांगितलं आणि वाचता येत नाही म्हणून ते शरमले. मग मोठेपणी अक्षरं गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत सराव केला. पहिलं गाणं सिनेमाच्या चालीवरचं विडंबन होतं. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारांनी भारल्यावर मात्र गाणं हेच त्यांचं काम झालं. घरात लहानग्या लेकीच्या मृत्यूचं दुःख सोसून ते गावोगाव गात फिरले.

ब्लूजमध्ये पहिली ओळ बहुधा दोनदा येते आणि तिसरी तिला उत्तर देते. मुख्य गायकाला बाकीचे साथ देतात. आपल्याकडे हेच काम ध्रुवपद आणि झीलकरी करतात. वामनदादा लोकांच्या ओठांवरची चाल उचलत, म्हणून गाणं ऐकता ऐकता पाठ होई. शेवटच्या कडव्यात संतांच्या नाममुद्रेसारखं ‘वामन’ हे नाव येई. पण फरकही मोठा आहे. ब्लूजचा गायक बहुतेकदा स्वतःची वेदना सांगतो. वामनदादांच्या गाण्यात ती वेदना सगळ्या वस्तीची होते आणि पुढे हिशेब मागते. ज्यांना पुस्तक वाचता येत नव्हतं, त्यांना शिक्षण, संघटना आणि हक्क या गाण्यांनी शिकवले. ती शाळाच होती, आणि तिचा मास्तर स्वतः शाळेत न गेलेला होता.

आपल्या भागाला या शाळेची किंमत अधिक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांची बौद्ध धम्मदीक्षा झाली. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. कचेरीची भाषा हिंदी झाली, घरची मराठीच राहिली. बाबासाहेबांवरच्या या भीमगीतांना मात्र राज्याची सीमा कधी अडवू शकली नाही. ती ओठांवरून ओठांवर आली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या आवाजांनी ती घराघरांत पोचवली.

१९९३ मध्ये वर्ध्याला पहिलं अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपदाचा मान वामनदादांना मिळाला. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ हे त्यांचे संग्रह आज वाचायला मिळतात. १५ मे २००४ रोजी ते गेले. पण त्यांच्यासारखंच रचणारे, गाणारे अनेकजण गावोगाव होऊन गेले. त्यांची गाणी कुठल्याच पुस्तकात आली नाहीत, ती जुन्या वह्यांत किंवा म्हाताऱ्या गळ्यांत उरली आहेत.

मिसिसिपीच्या मळ्यावर कुणीतरी यंत्र घेऊन गेलं, म्हणून मडी वॉटर्सचा तो पहिला आवाज आज ऐकता येतो. आपल्या खिशात आता तसंच यंत्र आहे. गावातल्या भजनी मंडळातली, भीमजयंतीला गाणारी वडीलधारी माणसं शोधा. त्यांच्याजवळ बसा, त्यांची परवानगी घेऊन गाणं मुद्रित करा, वही उतरवून घ्या, रचणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. हे काम या उन्हाळ्यातच करा. गळा थांबला की त्यातलं गाणंही जातं.