सोलापूरला मुक्काम कधी?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. ठाण्याची मावसबहीण सहकुटुंब आली होती. पहिल्या दिवशी तुळजापूर आणि अक्कलकोट, दुसऱ्या दिवशी सकाळी पंढरपूर की लगेच परत, असा त्यांचा कार्यक्रम. मधल्या वेळात आमच्याकडं चाळीस मिनिटं! पोहे खाल्ले, चहा घेतला, दोन चादरी, अर्धा किलो शेंगा चटणी आणि कडक भाकरीची पाकिटं गाडीत टाकली आणि निघाले. दारात चपला घालताना ती म्हणाली, "तुझं सोलापूर बघायचं राहूनच गेलं गं." त्यावर तिचे यजमान हसत म्हणाले, "पण सोलापुरात बघण्यासारखं आहे काय?"

खरं सांगते, मला पटकन उत्तर सुचलं नाही. सिद्धेश्वराचं देऊळ, भुईकोट किल्ला एवढंच तोंडात आलं. जन्म इथं गेला आणि पाहुण्याला सांगायला दोन नावं! मैत्रिणींनो, तुमच्या गावाबद्दल कुणी असं विचारलं तर तुम्ही काय सांगाल?

आमचं गाव तसं मोक्याच्या जागी आहे. अक्कलकोट चाळीस किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीस, पंढरपूर सत्तरच्या थोडं पुढं. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईहून वंदे भारत गाडी सुमारे साडेसहा तासांत येते. माणसं येतात, पण ती पुढं जाण्यासाठी. ज्या गावात पाहुणा रात्र काढत नाही, त्या गावाला त्याच्याकडून चहाचे आणि चादरीचेच पैसे मिळतात.

ते बोलणं मनाला लागलं होतं. म्हणून मी बहिणीला हट्टानं सांगितलं, "संक्रांतीला ये. एकटी ये. तीन रात्री राहायचं आणि एकही देवस्थान 'उरकायचं' नाही."

ती आली. भोगीचा दिवस होता. आमच्याकडं त्या दिवशी यण्णीमज्जन असतं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती स्थापन केलेल्या ६८ लिंगांना तेलाचा अभिषेक करत नंदीध्वजांची मिरवणूक फिरते. आम्ही त्यांना 'काठ्या' म्हणतो. उंचच उंच काठ्या पेलत, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी अनवाणी चालतात. ही मिरवणूक गाडीतून बघता येतच नाही. तिच्या चालीनंच चालावं लागतं. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा झाला. सिद्धरामेश्वरांचा योगदंड आणि कुंभारकन्या यांचं हे प्रतीकात्मक लग्न. हजारो हातांनी एकदम अक्षता टाकल्या, तेव्हा बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाली, "अगं, आणि आम्ही चाळीस मिनिटांत निघून गेलो होतो!"

पुढचे दिवस आम्ही नुसत्या हिंडलो. चार हुतात्मा पुतळ्यांपाशी थांबलो. १९३० मध्ये इंग्रजांनी या शहरावर मार्शल लॉ लावला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी दिलं. पुण्याला जाणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसचं नाव त्यांच्यावरून आहे, हे तिला माहीतच नव्हतं. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा जन्म १९१० मध्ये इथलाच. १९३८ मध्ये ते चीनला गेले आणि तिथल्या जखमींची सेवा करता करता १९४२ मध्ये वारले. एका सकाळी हत्तरसंग कुडलला गेलो. भीमा आणि सीना यांच्या संगमावर जुनी देवळं आणि शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ मधला मराठी शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याची गणना होते. जो हे वाचील तो विजयी होईल, असा त्याचा आशय सांगतात. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी सांगून ठेवलंय, थांबा आणि वाचा!

संथ गाव की मंदीतलं गाव?

अशा प्रवासाला परदेशात 'स्लो टुरिझम' म्हणतात. कमी ठिकाणं, जास्त मुक्काम, तिथलं जेवण, तिथली माणसं. याची सुरुवात जेवणापासून झाली. १९८६ मध्ये रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड्स आलं, तेव्हा कार्लो पेत्रिनी आणि त्यांच्या सोबत्यांनी निषेध केला आणि त्यातून 'स्लो फूड' चळवळ उभी राहिली. १९९९ मध्ये इटलीतल्या छोट्या गावांच्या महापौरांनी पुढचं पाऊल टाकलं आणि 'चित्तास्लो', म्हणजे संथ गावांची संघटना काढली. तिकडं 'चित्ता' म्हणजे शहर. आपल्याला मात्र ऐकताना 'चित्त'च आठवतं, नाही का? पन्नास हजारांच्या आतल्या गावांनाच तिचं सभासद होता येतं. आमच्या सोलापूरची वस्ती २०११ लाच साडेनऊ लाख होती, तेव्हा आम्ही त्या यादीत बसत नाही. पण करमाळा, मंगळवेढा, अक्कलकोट अशा कितीतरी गावांतल्या मैत्रिणींनी याचा विचार करायला काय हरकत आहे?

पण एक सांगायला हवं. आपल्या गावांना 'निवांत' म्हणताना जरा जपून. सोलापूर काही पहिल्यापासून निवांत नव्हतं. जुनी मिल १८७७ मध्ये सुरू झाली आणि मग हे गाव भोंग्यावर उठायला आणि भोंग्यावर झोपायला लागलं. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी इथं माग लावले. गल्लीगल्लीतून खटखट ऐकू यायची. पुढं गिरण्या एकेक करत बंद पडल्या. भोंगा थांबला, तो काही कुणाला निवांतपणा हवा होता म्हणून नाही. हाताला काम राहिलं नाही, म्हणून थांबला. पुढच्या पिढीनं बॅगा भरून पुण्याची गाडी धरली. त्या काळात कितीतरी घरं बायकांनी विड्या वळून चालवली. विडी वळणाऱ्या बाईला विचारा 'स्लो लाइफ' म्हणजे काय. हजार विड्यांचा हिशेब जिच्या डोक्यात असतो, तिला संथपणा कुठून परवडणार?

म्हणून संथपणा आणि मंदी यांत गल्लत नको. ज्याचं पोट भरलंय, त्यालाच संथ जगता येतं. पाहुण्यांना निवांतपणा द्यायचा असेल, तर त्यातून इथल्या माणसांचं पोट भरलं पाहिजे. नाहीतर ते नुसतं चित्र झालं.

दोन तासांची किंमत

हे शहाणपण मला माझ्याच चुकीतून आलं. तिसऱ्या दिवशी बहीण म्हणाली, "कडक भाकरी करतात कशी, ते बघायचंय." आमच्या मागच्या गल्लीत एक काकू भाकरी करून विकतात. मी तिला सरळ त्यांच्याकडं घेऊन गेले. "बसा की ओ, गडबड काय हाय?" म्हणत काकूंनी पाट दिला. ज्वारीचं पीठ उन्हाळ पाण्यात मळलं, हातावर गोळा घेऊन परातीत थापायला लागल्या. भाकरी कागदासारखी पातळ होत गेली. तव्यावर भाजून झाली की मंद आचेवर पार कडक होईपर्यंत ठेवायची. ओलावा राहिला की संपलं, भाकरी टिकत नाही. घाई केली की करपते. मग काकूंनी उखळात शेंगा चटणीही कुटून दाखवली. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं. कुटता कुटता शेंगदाण्याचं तेल सुटतं आणि चटणीचे गोळे बनतात. मिक्सरमध्ये तिची नुसती भुकटी होते. बहिणीनं स्वतः तीन भाकऱ्या थापून बघितल्या, फोटो काढले. दोन तास कसे गेले कळलं नाही. "किती गोड माणसं आहेत!" म्हणत आम्ही उठलो.

संध्याकाळी दूध आणायला गेले, तर काकू अजून चुलीपुढंच. कपाळावर घाम. दुकानदाराची शंभर भाकरीची ऑर्डर होती. दुपारचे दोन तास आमच्यात गेले, म्हणून त्या रात्री नऊपर्यंत थापत बसल्या. तोंडातून तक्रारीचा एक शब्द नाही. मला मात्र तिथं उभं राहवेना. आमचा निवांतपणा त्यांच्या पाठीवर चढला होता.

दुसऱ्या दिवशी मी पैसे घेऊन गेले, तर काकू हसल्या. "शिकवायचे पण पैसे घ्यायचे असतात होय?" मी म्हटलं, "काकू, चादर फुकट देतात का कुणी? मग तुमची कला का फुकट?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मला कुणी कधी विचारलंच नाही बघा."

आता काकूंनी दर ठरवलाय. शिकायला यायचं असेल तर आदल्या दिवशी सांगायचं, एका वेळी चारच बायका, आणि ज्या दिवशी ऑर्डर मोठी त्या दिवशी चक्क 'नाही' म्हणायचं. ते 'नाही' म्हणायला शिकायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला, हेही त्याच सांगतात.

आपल्याला काय करता येईल?

हुरड्याचा हंगाम आठवा. थंडीत शहरातली माणसं शेतावर येतात, आगटीभोवती बसतात, गरम हुरडा, गूळ, दही आणि चटणी खातात. हे आपलं जुनंच निवांत पर्यटन. पण त्या दिवशी पहाटे चारला कोण उठतं? भांड्यांचा ढीग कोण उपसतं? ज्या सोलापुरात वर्षानुवर्षं घराघरांतून चार-चार दिवसांआड पाणी भरून ठेवलं गेलं, तिथं पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी कोण साठवतं? पैसे मात्र बहुतेक वेळा शेत ज्याच्या नावावर, त्याच्या खिशात जातात.

तेव्हा पाहुणे घरी ठेवायचा विचार असेल, तर आधी घरात बसून कामाची वाटणी करा. पाणी, बाजार, भांडी कुणाकडं, ते ठरवा. दरात फक्त जेवण धरू नका, तुमचा वेळ धरा. स्वच्छ संडास आणि कडी लागणारी खोली, एवढं असलं तरी बाईमाणूस निर्धास्त राहतं. घराला झेपतील तेवढेच पाहुणे घ्या. आणि व्यवसाय, पाटी, बँकेचं खातं तुमच्या नावावर असू द्या. यात सरकारी मदतही आहे. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं आणि त्यात पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करता येते. २०२३ मध्ये 'आई' नावाचं महिला पर्यटन धोरण आलं. त्यात महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या बँक कर्जावरचं व्याज ठरावीक मर्यादेत परत मिळण्याची सोय ठेवली आहे. पण त्यासाठी व्यवसाय बाईच्याच मालकीचा लागतो. नावाचं महत्त्व आलं ना लक्षात?

बहीण गेल्या संक्रांतीला पुन्हा आली, या वेळी दोन मैत्रिणींना आणि यजमानांनाही घेऊन. पहिल्याच सकाळी ते म्हणाले, "चला, आज काय बघायचं?"

मी म्हटलं, "आधी बसा. काकूंची वेळ अकराची आहे. आणि हो, भाकरी या वेळी तुम्ही थापायची."