आडोशाची भिंत डुगडुगू नये म्हणून

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला धडकले. त्यानंतर मुरुड, श्रीवर्धनकडे बरीच घरे नव्याने उभी राहिली. बाहेरच्या भिंतींकडे सर्वांचे लक्ष असते. स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास यांच्यामधली साडेतीन फुटी आडोशाची भिंत मात्र उरल्यासुरल्या विटांत उरकली जाते. तिच्यावर हात टेकून म्हातारी माणसे उठतात, पोरे चढतात. कलंडली तर ती अंगावरच येते.

वरून छताचा दाब नाही, एक टोक मोकळे, म्हणून ती डुगडुगते. ४ इंची भिंत लादीवर बांधू नये. लादी काढून, खालच्या कोब्याला टाचे मारून मगच पहिला थर लावावा. एका बाजूने मुख्य भिंतीत दाते काढून ती गुंतवावी. मोकळ्या टोकाला ९ इंची खांब किंवा दीड-दोन फुटांचे काटकोनी वळण द्यावे. आमच्या मते निम्मी मजबुती या वळणातच आहे, आणि खर्च काय तो मोजक्या विटांचा! दर चौथ्या थरात ६ मिलिमीटरच्या दोन सळया, माल १:४, माथ्यावर सळई घातलेला काँक्रीटचा पट्टा.

वाळू खाडीची नको, स्वस्त मिळाली तरी नको. खारेपणाने सळई गंजते, फुगते आणि भिंत फोडते. विटा आधी भिजवाव्यात, नंतर सात दिवस पाणी मारावे. जांभ्याचा चिरा हाताशी असेल तर तळमजल्यावर उत्तम, त्याची जाडीच भरपूर. वरच्या मजल्यावर मात्र ते वजन नको.

गवंडी म्हणेल, "एवढ्याशा भिंतीला सळई कशाला?" सळई आधीच आणून ठेवावी, म्हणजे वाद राहत नाही.