समुद्रपक्षी आणि जड धातु

आपल्या परभणी जिल्ह्यांतून गोदावरी वाहते. गंगाखेडच्या घाटावर उभें राहिलें म्हणजे वाटतें कीं, नदींत सोडलेलें सर्व कांहीं अखेर समुद्रास मिळतें व तेथेंच संपतें. परंतु समुद्रांत गेलेल्या वस्तूंपैकीं कांहीं पुन्हां जमिनीवर येतात, आणि त्या वाहून आणणारे हमाल म्हणजे समुद्रपक्षी होत.

कोंकणांत वेंगुर्ल्यासमोर समुद्रांत खडकाळ बेटें आहेत. तेथें सुरय जातीचे पक्षी वीण करितात. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत हुमायूं अब्दुलअली यांनीं १९४० सालीं त्यांजविषयीं लिहिलें आहे. गोदावरीवर दिसणाऱ्या नदीसुरयाचे हे भाईबंद. अशा पक्ष्यांचें भक्ष्य समुद्रांत, पण अंडीं, पिलें व विष्ठा जमिनीवर. याच रीतीनें धातूंचीही ने-आण होते.

ती कशी, तें पाहूं. कोळसा जाळला म्हणजे त्यांतील पारा वाफेच्या रूपानें हवेंत जातो व पुढें समुद्रांत उतरतो. तेथें सूक्ष्म जंतु त्याचा मिथिल-पारा हा अधिक विषारी पदार्थ बनवितात. पाण्यांत त्याचें प्रमाण अत्यल्प असतें. परंतु सूक्ष्म जीवांस लहान मासा खातो, त्यास मोठा मासा आणि माशांस पक्षी. शरीरांतून पारा फार सावकाश बाहेर पडत असल्यामुळें सावकाराच्या व्याजाप्रमाणें तो प्रत्येक पायरीस वाढत जातो. कॅडमियम हा धातु यकृतांत व मूत्रपिंडांत सांचतो. पुढें विष्ठा, गळालेलीं पिसें, न उबलेलीं अंडीं व मृत देह यांवाटे हे धातु बेटाच्या मातींत मिसळतात.

कॅनडाच्या उत्तरेस डेव्हन बेटावर केप व्हेरा येथें फुलमार पक्ष्यांची मोठी वसाहत आहे. तिच्या पायथ्याशीं असलेल्या तळ्यांचा अभ्यास २००५ सालीं ‘सायन्स’ नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. पक्ष्यांचा वावर कमी असलेल्या तळ्यांच्या मानानें येथें पारा सुमारें २५ पट व डीडीटी सुमारें ६० पट आढळला. मनुष्यवस्तीपासून दूर असलेल्या त्या हिमप्रदेशांत हें विष पक्ष्यांनींच आणिलें होतें.

यांत पक्ष्यांचा दोष नाहीं. त्यांच्याच विष्ठेंतील नत्र व स्फुरद यांनीं ओसाड बेटें हिरवीं होतात. पेरू देशांतील ग्वानो खत याच कारणानें एकोणिसाव्या शतकांत दूरदूर विकलें गेलें. हमालाच्या पाठीवर ओझें कोणी ठेविलें, हा खरा प्रश्न आहे.

जपानांतील मिनामाता येथें कारखान्याच्या पाऱ्यानें दूषित झालेले मासे खाऊन माणसें आजारी पडलीं, हें १९५६ सालीं उघडकीस आलें. त्याच गांवाच्या नांवें २०१३ सालीं आंतरराष्ट्रीय करार झाला व भारतानें तो २०१८ सालीं मान्य केला. आपणांसही घरीं थोडें करतां येईल. जुना तापमापक फुटल्यास मुलांस दूर ठेवावें, खिडक्या उघडाव्या, झाडणी न वापरतां जाड कागदानें पाऱ्याचे थेंब गोळा करून झांकणाच्या बरणींत बंद करावे. ते मोरींत मात्र लोटूं नयेत. मोरीची वाट नदीला आणि नदीची समुद्राला मिळते.